वायरलेस सेन्सर बसवताना: जागेच्या पाहणीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत

कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवर बेअरिंगचं तापमान ७४.२ अंश दिसतंय. तासाभरानं पाहिलं तरी ७४.२, दुसऱ्या दिवशी सकाळीही ७४.२. चालत्या यंत्राचं बेअरिंग इतकं स्थिर कधीच राहत नाही, दशांशाची हालचाल सतत होत असते. झालंय असं, की नोडची (सेन्सरचं रीडिंग रेडिओवरून पाठवणाऱ्या छोट्या उपकरणाची) बॅटरी रात्रीच संपली आणि गेटवे (नोडचे संदेश ऐकून कंट्रोल रूमकडे देणारं उपकरण) शेवटचा मिळालेला आकडा पुढे देत राहिला. ४-२० मिलिअँपिअरच्या लूपमध्ये, म्हणजे मोजलेलं मूल्य ४ ते २० मिलिअँपिअर करंटच्या रूपात नेणाऱ्या वायरजोडीत, वायर तुटली की करंट शून्यावर येतो आणि पॅनेलला लगेच कळतं. वायरलेसमध्ये तुटायला वायरच नाही. त्यामुळे 'नोड गप्प झाला' हे कळण्याची सोय आपणच करावी लागते. प्रत्येक रीडिंगसोबत ते किती जुनं आहे हेही साठवायचं आणि दाखवायचं, ही या कामातली पहिली अट. सेन्सर निवडण्यापासून अलार्म लावण्यापर्यंत तिचा संबंध येतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका. यंत्र तातडीनं बंद करणारा ट्रिप, ठरलेली अट पूर्ण नसेल तर यंत्र चालू न देणारा इंटरलॉक, माणसाच्या जिवाशी संबंधित कोणतीही साखळी या यंत्रणेवर टाकायची नाही. इथे बोलतोय ती यंत्रणा नोंद ठेवण्यासाठी आणि वेळेत इशारा देण्यासाठी आहे.

आधी कागदावर

प्रत्येक मापनबिंदूसाठी एक ओळ लिहा: काय मोजायचं, कोणत्या मर्यादेत, किती अचूक, किती वेळानं, आणि रीडिंग उशिरा पोहोचलं तर किती उशीर चालेल. शेवटचे दोन रकाने बहुतेक जण रिकामे सोडतात आणि मग 'दर दहा सेकंदांनी' असं काहीतरी ठरतं. त्याची किंमत बॅटरी मोजते.

वेळ ठरवायची पद्धत सोपी आहे. बिघाड झाल्यापासून नुकसान होईपर्यंत किती वेळ लागतो ते पाहा आणि त्याच्या पाचव्या-सहाव्या भागाइतक्या अंतरानं रीडिंग घ्या. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर शीतगृह उणे १८ वरून उणे १५ अंशांवर यायला ३० मिनिटं लागत असतील, तर दर पाच मिनिटांनी एक रीडिंग पुरे. मोठ्या टाकीच्या पातळीला पंधरा मिनिटंही चालतात. कॉम्प्रेस्ड एअरचा दाब मात्र काही सेकंदांत पडतो. तिथे नोडनं स्वतःच दर सेकंदाला मोजावं आणि पाठवावं मात्र पाच मिनिटांतलं किमान, कमाल व सरासरी, शिवाय मर्यादा ओलांडली तर तत्काळ. मोजणं स्वस्त असतं, पाठवणं महाग, हे लक्षात ठेवलं की निम्मे निर्णय आपोआप होतात.

सेन्सर आणि त्याची वायर

नोड वायरलेस असला तरी सेन्सर ते नोड हे अंतर वायरचंच असतं आणि चुका जास्त तिथेच होतात.

पीटी१०० या तापमानानुसार रोध बदलणाऱ्या प्लॅटिनमच्या सेन्सरची ओळख अशी: शून्य अंशाला १०० ओहम, आणि दर अंशाला साधारण ०.३८५ ओहमची वाढ. हा सेन्सर दोन वायरवर जोडला तर वायरचा रोधही तापमान म्हणून मोजला जातो. ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १५ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे जवळपास १ ओहम, म्हणजे २.७ अंश जास्त. म्हणून तीन किंवा चार वायरचं कनेक्शन. नोड बॅटरीवर असेल तर पीटी१००० घेणं अधिक शहाणपणाचं: तीच वायर तिथे ०.२७ अंशाचीच चूक देते आणि मोजायला करंटही कमी लागतो.

तीन वायरच्या सेन्सरची टोकं ओळखायला मल्टिमीटर लावा. एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये एखाद ओहम किंवा त्याहून कमी दिसलं पाहिजे. त्यांपैकी कोणतीही एक आणि वेगळ्या रंगाची तिसरी यांच्यात, खोलीच्या तापमानाला, ११० ओहमच्या आसपास. एकाच रंगाच्या दोन वायरींत ११० आले तर रंगांवर विश्वास ठेवू नका, आकड्यावर ठेवा.

थर्मोकपलमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांमधल्या व्होल्टेजवरून तापमान सांगणाऱ्या सेन्सरमध्ये, के टाइप सर्वात जास्त दिसतो. तो दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो. त्याची वायर वाढवायला साधी तांब्याची केबल वापरली तर जोडाच्या ठिकाणचं आणि नोडच्या ठिकाणचं तापमान यांतला फरक रीडिंगमधून गायब होतो. जोड ६० अंशांवर, नोड ३० अंशांवर, तर रीडिंग ३० अंश कमी. योग्य केबल वापरली पण दोन्ही टोकांना उलटी जोडली, तर चूक दुप्पट, ६० अंश. ही उलटी केबल पटकन ध्यानात येत नाही, कारण तापमान वाढलं की आकडाही वाढतो, दिशा बरोबर दिसते. रंगांचाही घोळ आहे: आंतरराष्ट्रीय मानकात के टाइपचं धन टोक हिरवं आणि ऋण पांढरं, अमेरिकी मानकात धन पिवळं आणि ऋण चक्क लाल. लाल म्हणजे धन ही सवय इथे फसवते. खात्री करायची असेल तर छोटं चुंबक लावा, के टाइपची ऋण वायर चुंबकाकडे ओढली जाते, धन वायर ओढली जात नाही.

जुने ४-२० मिलिअँपिअरचे ट्रान्समीटर (सेन्सरचं मापन करंटमध्ये बदलणारी उपकरणं) वायरलेस नोडला जोडता येतात. २५० ओहमच्या रेझिस्टरवर १ ते ५ व्होल्ट मिळतात आणि नोड ते वाचतो. ३.६ मिलिअँपिअरच्या खाली किंवा २१ च्या वर गेलेला करंट हे रीडिंग नव्हे, ट्रान्समीटरमधला दोष समजा आणि तसा वेगळा कोड पाठवा. मात्र ट्रान्समीटरला २४ व्होल्टही नोडनंच द्यायचे असतील तर बॅटरीचं गणित पूर्ण बदलतं. ते पुढे येईलच.

कंपनाची गोष्ट निराळी. ८,१९२ नमुन्यांची एक लहर, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे १६ किलोबाइट. कमी वेगाच्या रेडिओवरून हे दर तासाला पाठवणं शक्य नाही. म्हणून नोडमध्येच १० ते १,००० हर्ट्झ पट्ट्यातला वेगाचा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ), कमाल प्रवेग अशी मोजकी मूल्यं काढून तेवढीच पाठवतात आणि पूर्ण लहर मागणी केल्यावरच घेतात. सेन्सर स्टडनं (आटे असलेल्या खुंटीनं) घट्ट बसवा. चुंबकावर बसवलेला सेन्सर साधारण २ किलोहर्ट्झच्या पुढे भरवशाचा राहत नाही आणि बेअरिंगमधल्या बिघाडाची पहिली चाहूल तर त्याहून वरच्या कंपनांतच लागते. रंगावर, गंजावर किंवा पातळ पत्र्याच्या कव्हरवर बसवलेला सेन्सर त्या पत्र्याचं कंपन सांगतो, बेअरिंगचं नाही.

रेडिओ कोणता

मुख्य पर्याय दोन. एक, २.४ गिगाहर्ट्झवरचं मेश जाळं, ज्यात नोड एकमेकांचे संदेश पुढे नेतात. वायरलेसहार्ट (आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२५९१) हे त्यातलं कारखान्यांमध्ये रुळलेलं तंत्र. दोन, एक गिगाहर्ट्झच्या खालचं लोरावॅन, ज्यात प्रत्येक नोड थेट गेटवेशी बोलतो. कमी फ्रिक्वेन्सीचा पट्टा देशानुसार बदलतो: युरोपात ८६३ ते ८७०, अमेरिकेत ९०२ ते ९२८, भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. दुसऱ्या पट्ट्याचा नोड स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नका. तो बेकायदा तर ठरतोच, शिवाय गेटवेला ऐकूही येत नाही.

मोकळ्या जागेत १०० मीटरवर २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे ८० डेसिबल क्षीण होते, ८६८ मेगाहर्ट्झची ७१. अंतर दुप्पट झालं की आणखी ६ डेसिबल जातात. म्हणजे हा ९ डेसिबलचा फरक अंतरात मोजला तर जवळपास पावणेतीनपट भरतो. भिंती, रॅक, माल यांमधून जाताना हा फरक वाढत जातो. पाणी असलेला माल २.४ गिगाहर्ट्झ खूप शोषतो. रिकाम्या गोदामात छान चाललेलं जाळं गोदाम भरल्यावर गप्प होतं, ते यामुळेच.

तरीही मेशची एक बाजू भक्कम आहे. क्रेन आडवी आली तर संदेश दुसऱ्या वाटेनं जातो. पण त्यासाठी वाटा असाव्या लागतात. प्रत्येक नोडला किमान तीन शेजारी, गेटवेच्या थेट पल्ल्यात किमान पाच नोड, आणि जाळं मोठं असेल तर एकूण नोडपैकी पाव हिस्सा गेटवेच्या पल्ल्यात. चार-पाच नोडचं विरळ मेश सर्वात दुबळं असतं, एक नोड गेला की मागचे दोन तुटतात. त्याच शेडमध्ये वायफाय १, ६ आणि ११ या चॅनेलवर असेल तर ८०२.१५.४ या मेशच्या रेडिओ मानकाच्या १५, २०, २५ आणि २६ या चॅनेलना त्यातल्या त्यात शांतता मिळते. वायरलेसहार्ट २६ वापरत नाही.

पसरलेलं आवार आणि काही मिनिटांतून एक रीडिंग असेल तर लोरावॅन. दाटीवाटीचं प्रोसेस युनिट आणि काही सेकंदांतून एक रीडिंग असेल तर मेश. ज्या पॅनेलमध्ये वीज आणि नेटवर्क दोन्ही हाताशी आहेत तिथे सरळ वायर टाका.

जागेची पाहणी

नकाशावर वर्तुळं काढून गेटवेची जागा ठरत नाही. खरा नोड, खरा अँटेना, नेमकी बसवायची जागा आणि कारखाना चालू असताना, हे चारही जुळल्याशिवाय केलेल्या पाहणीला अर्थ नाही. सुट्टीच्या दिवशी केलेली पाहणी तर दिशाभूल करते, कारण त्या दिवशी शटर नेहमीच्या स्थितीत नसतात आणि फोर्कलिफ्ट उभ्या असतात.

प्रत्येक बिंदूवर नोड तात्पुरता बांधा, दार-शटर नेहमीच्या स्थितीत ठेवा, आणि दर दहा सेकंदांना एक असे किमान ३०० संदेश पाठवा. तुमच्या पट्ट्यात प्रसारणाच्या वेळेवर मर्यादा असेल तर अंतर वाढवून. तीन आकडे लिहून घ्या: सिग्नलची पातळी, सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर, आणि किती संदेश हरवले. रिसीव्हरला ऐकू येणाऱ्या सर्वात क्षीण पातळीपेक्षा किमान १० डेसिबल वर, शक्य असेल तिथे २० डेसिबल वर राहा. पातळी चांगली पण गुणोत्तर वाईट, तर जवळपास गोंगाट करणारं काहीतरी आहे आणि मोठा अँटेना लावून ते सुटणार नाही. दोन्ही चांगले आणि तरी संदेश हरवतायत, तर संदेश एकमेकांवर आदळतायत.

किती हरवलेले चालतील? समजा दर पाच मिनिटांनी रीडिंग येतं आणि सलग तीन चुकली की 'नोड गप्प' असा अलार्म लावलाय. हरवणं विखुरलेलं धरलं तर १० टक्के नुकसानीत दिवसाच्या २८८ रीडिंगमध्ये असा खोटा अलार्म साधारण चार दिवसांतून एकदा येईल, तोही एका नोडचा. चाळीस नोड असतील तर रोज दहा. आठवड्याभरात लोक तो अलार्म बघणं सोडून देतात. नुकसान २ टक्क्यांवर आणलं तर तोच खोटा अलार्म एका नोडला वर्षातून एखादा. म्हणून पाहणीत २ टक्क्यांच्या वर हरवणारी जागा तशीच सोडू नका, अँटेना वर घ्या, थोडा सरकवा, किंवा दुसरा गेटवे लावा. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची असते. धातूच्या शेडमध्ये परावर्तनांमुळे खड्डे पडतात आणि नोड फक्त वीतभर सरकवल्यानं १०-१५ डेसिबलचा फरक पडू शकतो.

दोन अँटेनांच्या मधली सरळ रेषा मोकळी दिसली म्हणजे वाट मोकळी असं नाही. १०० मीटरच्या दुव्यात ८६८ मेगाहर्ट्झला मध्यभागी सुमारे २.९ मीटर त्रिज्येचा भाग लागतो, त्यातला ६० टक्के, म्हणजे पावणेदोन मीटर, तरी रिकामा हवा. रॅकच्या डोक्याला घासून जाणारा दुवा म्हणूनच कधी चालतो, कधी नाही.

अँटेना, कनेक्टर, खोका

अँटेना धातूला चिकटवून लावू नका. टाकीच्या किंवा पॅनेलच्या पृष्ठभागापासून किमान पाव लहर दूर ठेवा: ८६८ ला साधारण ९ सेंटिमीटर, २.४ ला ३ सेंटिमीटर. पाव लहरीचा साधा दांडा-अँटेना मात्र उलटा वागतो, त्याला पायाशी धातूचा पत्रा लागतोच, प्लॅस्टिकच्या खोक्यावर तो अर्धवटच काम करतो. जाळ्यातले सगळे अँटेना उभे ठेवा. नोड लोखंडी पॅनेलच्या आत असेल तर अँटेना बाहेर काढा, यावर दुसरा उपाय नाही.

आता एका कनेक्टरकडे जवळून बघा. एसएमए आणि आरपी-एसएमए हे दोन्ही बाहेरून सारखे, आटे सारखे, एकमेकांवर घट्ट बसतातही. फरक मधोमध आहे: एकात पिन, दुसऱ्यात भोक. एसएमएचा आतले आटे असलेला प्लग आणि आरपी-एसएमएचा बाहेरचे आटे असलेला सॉकेट जोडला तर पिनसमोर पिन येते, आणि उलट जोडीत भोकासमोर भोक. भोकासमोर भोक आलं की मधल्या तारेचा संपर्कच होत नाही, तरी नोड जवळच्या गेटवेला ऐकू जातो. टेबलावर चाचणी पास, शेडमध्ये नापास. पिनसमोर पिन दाबली तर कनेक्टर कायमचा खराब होऊ शकतो. पेटीतून काढताना प्रत्येक कनेक्टरच्या तोंडात डोकावून बघा.

अँटेनाची केबलही सिग्नल खाते. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास आरजी-५८ केबल मीटरला साधारण अर्धा डेसिबल घेते, १० मीटरला ५ डेसिबल. म्हणून गेटवेच अँटेनाजवळ न्या आणि लांब इथरनेट केबल टाका. अँटेना छतावर असेल तर लाइटनिंग अरेस्टर आणि त्याचं आखूड, जाड अर्थिंग हवंच.

खोका आयपी६७ (धूळबंद, थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालणारा) असला तरी आत पाणी साठतं. खोका तापतो, आतली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर जाते. मग धुलाईचं गार पाणी पडतं, आत निर्वात तयार होतो आणि ग्लँडच्या (केबल आत घेणाऱ्या सीलबंद तोंडाच्या) फटीतून ओल ओढली जाते. यावर उपाय म्हणजे हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा व्हेंट प्लग. ग्लँड नेहमी खालच्या बाजूला ठेवा आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जाईल. स्फोटक वायूच्या क्षेत्रात त्या झोनसाठी प्रमाणित नोडच लावा, आणि बॅटरी तिथेच बदलता येते की नोड बाहेर आणावा लागतो हे खरेदीआधी कागदपत्रांत वाचा.

बॅटरीचा हिशोब

'दहा वर्षं चालते' या वाक्याला अर्थ नाही, जोपर्यंत किती वेळानं आणि कोणत्या वेगानं पाठवतो ते सांगितलेलं नाही. हिशोब स्वतः करा. उदाहरण घेऊ: १२ बाइटचा संदेश, दर पाच मिनिटांनी, लोरावॅनच्या सर्वात वेगवान एसएफ७ वर (एसएफचा आकडा वाढला की पल्ला वाढतो आणि वेग घटतो). झोपेत ५ मायक्रोअँपिअर. मोजताना १० मिलिअँपिअर ५० मिलिसेकंद. पाठवताना ४० मिलिअँपिअर ६० मिलिसेकंद. नंतर उत्तर ऐकण्याच्या दोन खिडक्या, प्रत्येकी १० मिलिअँपिअर ३० मिलिसेकंद.

एका रीडिंगला ०.५ अधिक २.४ अधिक ०.६, म्हणजे ३.५ मिलिअँपिअर-सेकंद. गुणिले २८८, भागिले ३,६००: दिवसाला ०.२८ मिलिअँपिअर-तास. झोपेचे ०.१२ मिळवले की ०.४०. २,४०० मिलिअँपिअर-तासांच्या एए आकाराच्या लिथियम थायोनिल क्लोराइड सेलमधले ७० टक्केच वापरता येतील असं धरलं, तरी कागदावर अकरा वर्षं निघतात. स्वतःहून होणारा डिस्चार्ज आणि उष्णता लक्षात घेऊन सात-आठ धरा.

आता हाच नोड गेटवेपासून लांब, लोखंडी भिंतीमागे लावला आणि तो एसएफ१२ वर गेला. तोच संदेश आता दीड सेकंद हवेत राहतो. दिवसाचा खर्च ५ मिलिअँपिअर-तास, आयुष्य अकरा महिने. सेल तोच, सेन्सर तोच, फक्त अँटेनाची जागा वाईट. आणि असे १०० नोड दर पाच मिनिटांनी दीड-दीड सेकंद बोलू लागले तर एकूण ३०० पैकी १५० सेकंद हवा व्यापलेली. न विचारता बोलण्याच्या पद्धतीत एका चॅनेलवरून जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामाचे संदेश जाऊ शकतात. तीन चॅनेल असले तरी हे जाळं कोलमडतं. एसएफ७ वर हेच १०० नोड फक्त २ टक्के हवा घेतात. दुसऱ्या गेटवेचा खर्च बहुतेक वेळा बॅटऱ्यांमधून आणि त्या बदलायला लागणाऱ्या माणसांच्या वेळेतून भरून निघतो.

४-२० मिलिअँपिअरच्या ट्रान्समीटरला नोड वीज देत असेल तर: २४ व्होल्ट, सरासरी १२ मिलिअँपिअर, स्थिर व्हायला २ सेकंद. व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ३.६ व्होल्टच्या सेलमधून प्रत्येक रीडिंगला २०० मिलिअँपिअर-सेकंद जातात. दिवसाला १६ मिलिअँपिअर-तास. १९ अँपिअर-तासांचा डी आकाराचा सेलही सव्वादोन वर्षांत संपतो. इथे रीडिंगमधलं अंतर वाढवा, किंवा कमी विजेवर चालणारा ट्रान्समीटर घ्या.

या सेलचे दोन स्वभाव माहीत हवेत. पडून राहिल्यावर आत एक थर जमतो आणि पहिल्याच मोठ्या धक्क्याला व्होल्टेज क्षणभर कोसळतं. नोड रीसेट होतो, पुन्हा पाठवायला जातो, पुन्हा रीसेट. नव्या सेलवर नोड चालू होत नाही तेव्हा हे कारण आधी तपासा. सेलच्या माहितीपत्रात दिलेला लोड दिलेल्या वेळेपुरता लावला की थर मोडतो, आणि सेलला समांतर योग्य कपॅसिटर असेल तर हा त्रास मुळात कमी होतो. दुसरा स्वभाव: व्होल्टेज शेवटपर्यंत ३.६ च्या आसपास सपाट राहतं आणि मग एकदम पडतं. त्यामुळे व्होल्टेजवरून काढलेली 'बॅटरी ९० टक्के' ही नोंद फसवी असते. पाठवलेले संदेश आणि त्यांचा वेग मोजून खर्च धरा. सेल रिचार्ज करायचा नाही आणि त्यावर थेट सोल्डर करायचं नाही.

नोंद

संदेशात काय असावं? वरचे १२ बाइट असे भरता येतात: अनुक्रमांक २, मोजल्याची वेळ ४, दोन मापनं प्रत्येकी २, बॅटरी १, सेन्सरची स्थिती १. अनुक्रमांकामुळे किती हरवले ते नेमकं कळतं. वेळ नोडवरचीच हवी, गेटवेला पोहोचल्याची नव्हे, कारण साठवून नंतर पाठवलेली रीडिंग्ज उशिरा येतात. ती गेटवेच्या वेळेनं नोंदवली तर आलेखात रात्रीचा चढ सकाळी दिसतो.

नोडचं घड्याळ चुकतं. २० पीपीएमचा (दहा लाखांत २० इतका चुकणारा) क्रिस्टल दिवसाला १.७ सेकंद, महिन्याला सुमारे ५२ सेकंद घसरू शकतो. भट्टीजवळ ६५ अंशांत राहणारा साधा घड्याळी क्रिस्टल फक्त उष्णतेमुळे दिवसाला साडेचार सेकंदांहून जास्त मागे पडतो. गेटवेकडून दिवसातून एकदा वेळ जुळवून घ्या. सगळीकडे यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) साठवा, स्थानिक वेळ फक्त स्क्रीनवर दाखवा.

दुवा तुटल्यावरही नोडनं मोजत राहावं. १२ बाइटची २८८ रीडिंग्ज म्हणजे दिवसाला ३,४५६ बाइट. एक मेगाबाइटच्या फ्लॅशमध्ये जवळपास तीनशे दिवस मावतात. दुवा आला की आधी ताजं रीडिंग पाठवायचं, मग जुनी हळूहळू. प्रत्येक रीडिंगची पोच मात्र मागू नका. लोरावॅनचा गेटवे उत्तर देताना ऐकू शकत नाही, त्यामुळे सगळ्यांनी पोच मागितली की गेटवे बहिरा होतो आणि आणखी संदेश हरवतात.

गेटवेपासून पुढे मॉडबस (औद्योगिक उपकरणं १६-१६ बिटच्या रजिस्टरमधून आकडे देतात ती पद्धत) असेल तर या दोन चुका ठरलेल्या. शीतगृहाचं तापमान ६५३५.१ दिसतंय? उणे १८.५ ला दहानं गुणून पाठवलेलं उणे १८५ समोरच्यानं चिन्हाशिवाय वाचलं, म्हणून ६५,३५१. आणि ३२ बिटचा दशांश आकडा दोन रजिस्टरमध्ये येतो तेव्हा त्यांचा क्रम उलटा असू शकतो. तपासायला २५.० पाठवा. पहिल्या रजिस्टरमध्ये १६,८४० आणि दुसऱ्यात ० आलं तर क्रम सरळ. आधी ० मग १६,८४० आलं तर उलटा, आणि स्क्रीनवर तेव्हा शून्य दिसेल.

रीडिंग सर्व्हरकडे पाठवायला एमक्यूटीटी ही संदेश-पद्धत वापरत असाल तर दुसऱ्या पातळीच्या सेवेत, म्हणजे क्यूओएस १ मध्ये, तोच संदेश दोनदा येऊ शकतो. डेटाबेसमध्ये नोड आणि वेळ यांची जोडी एकमेव ठेवा. हरवलेल्या जागी शून्य भरू नका आणि मागचा आकडाही ओढू नका, जागा रिकामी ठेवा, आलेखातही रेषा तुटू द्या. सुरक्षेसाठी प्रत्येक नोडची चावी वेगळी, कारखान्यातून आलेले पासवर्ड पहिल्या दिवशी बदललेले, आणि गेटवे वेगळ्या नेटवर्कवर, त्याला फक्त बाहेर जाणारं ८८८३ पोर्ट उघडं.

अलार्म आणि चाचणी

प्रत्येक बिंदूला तीन वेगळे अलार्म हवेत: मूल्य मर्यादेबाहेर, सेन्सर दोषात, आणि रीडिंग जुनं. तिन्हींना एकच लाल दिवा लावला तर रात्रपाळीच्या माणसाला धावायचं कुठे ते कळत नाही. शीतगृहात दार उघडलं की तापमान चढतंच, म्हणून उणे १५ च्या वर सलग १५ मिनिटं राहिलं तरच अलार्म, आणि उणे १६ च्या खाली आल्यावरच तो मागे. रीडिंग ठरल्या अंतराच्या तिप्पट जुनं झालं की आकडा स्क्रीनवरून पुसा आणि त्याऐवजी 'शेवटचं रीडिंग १७ मिनिटांपूर्वी' असं लिहा. करड्या रंगात जुना आकडा ठेवणं पुरत नाही, घाईत डोळा आकडाच वाचतो.

ताबा देण्याआधी यंत्रणा मुद्दाम मोडून बघा. सेन्सरची एक वायर काढा. नोडचा सेल काढा. गेटवेची वीज तासभर बंद ठेवा आणि परत आल्यावर मधली सगळी रीडिंग्ज बरोबर वेळेवर बसली का ते अनुक्रमांक लावून तपासा. मुख्य वीज घालवून परत आणा. विजेवर चालणारे सगळे नोड त्या क्षणी एकदम जागे होतात, एकाच वेळी बोलतात आणि नंतरही दर पाच मिनिटांनी एकाच वेळी बोलत राहतात. पहिल्या संदेशाआधी ० ते ३०० सेकंदांमधला कोणताही यादृच्छिक थांबा आणि पुढे प्रत्येक वेळी दोन-चार सेकंदांची उलटसुलट घातली की हे सुटतं. तापमानाचे सेन्सर वितळत्या बर्फात, भरपूर कुटलेला बर्फ आणि थोडंच शुद्ध पाणी, थर्मॉसमध्ये बुडवून शून्य तपासा, आणि कामाच्या तापमानाजवळ प्रमाणित थर्मामीटरशी ताडून बघा. नोडच्या आकड्यापुरतं थांबू नका, डेटाबेसमध्ये पोहोचलेला आकडा ताडा.

रीडिंग उड्या मारत असेल तर

पहिला संशय रेडिओवर जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. आकडा डिजिटल संदेशातून येतो, तपासणीचा कोड जुळला नाही तर संदेश टाकून दिला जातो. रेडिओ खराब असेल तर रीडिंग गायब होतं, चुकीचं होत नाही. चुकीचं रीडिंग नोडच्या आधीच जन्मलेलं असतं. व्हीएफडी अर्थात मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह काही किलोहर्ट्झवर स्विचिंग करतो. त्याचा गोंगाट ८६८ मेगाहर्ट्झपर्यंत क्वचितच पोहोचतो, पण शेजारून जाणाऱ्या थर्मोकपलच्या वायरीत सहज शिरतो. मोटर बंद करा. आकडा शांत झाला तर वायर मोटरच्या केबलपासून दूर न्या, पिळदार आणि शील्ड असलेली वापरा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा आणि टोक धातूपासून विलग असलेला थर्मोकपल घ्या.

रोज ठरावीक वेळी संदेश हरवत असतील तर त्या वेळेला काय हलतं ते पाहा: भरलेला ट्रक, उघडं राहिलेलं शटर, क्रेन. पावसाळ्यात किंवा धुलाईनंतर हरवत असतील तर अँटेनाचा कनेक्टर उघडून आत हिरवट गंज आहे का बघा, आणि नव्या जोडावर स्वतःत मिसळणारी सीलिंग टेप गुंडाळा. एकच नोड पहाटे गप्प होऊन दुपारी बोलत असेल तर सेल थंडीत कोसळतोय. तो बदलताना झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख आणि त्या वेळचा अनुक्रमांक पक्क्या शाईनं लिहा.